जुन्या पद्मिनीत कुठलं ऑइल, कुठलं ग्रीस, कुठलं पाणी

प्रश्न थोडक्यात असा आहे. जुळे सोलापुरातल्या एका वाचकाकडे आजोबांची १९८४ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. बरीच वर्षं शेडमध्ये उभी होती, आता इंजिन चालू झालंय. ऑइल आणायला गेले तर एका दुकानदाराने पातळ सिंथेटिक पुढे केलं, दुसऱ्याने ट्रकचं ऑइल सुचवलं, आणि मेकॅनिक म्हणाला, "जुनं इंजिन आहे, काहीही चालतं." त्यांना ही गाडी घेऊन पुण्याला जायचंय. इंजिनपासून ब्रेकपर्यंत कशात काय घालायचं, असं ते विचारतात.

"काहीही चालतं" हे आधी डोक्यातून काढा. जुनी गाडी बरंच सोसते, पण सोसते म्हणून तिला ते मानवतंच असं नाही. चुकीच्या तेलाने ती त्याच दिवशी बंद पडत नाही, आणि घात तिथेच होतो. दोन वर्षांनी कॅमशाफ्ट घासलेला निघतो, गिअर पडताना करकरायला लागतो, ब्रेकच्या मास्टर सिलिंडरमधलं रबर फुगून बसतं, आणि तोवर कुठल्या डब्याने हे केलं ते कुणाच्या लक्षातही राहिलेलं नसतं.

माझी पद्धत एकच. डबा उचलायच्या आधी विचारायचं, हे गाडीत नेमकं कशाला लागणार आहे? बिडाला, पितळेला, ॲल्युमिनियमला की रबराला? याचं उत्तर मिळालं की निम्मं दुकान आपोआप बाद होतं. किंमत आणि डब्यावरची चमक नंतर बघायची.

इंजिनपासून सुरुवात करू. पद्मिनीचं १०८९ सीसीचं इंजिन म्हणजे फियाट ११०० चं. त्याचा मूळ आराखडा १९३० च्या दशकातला. बिडाचा ब्लॉक, ॲल्युमिनियमचं हेड, पुशरॉड आणि सपाट टॅपेट, म्हणजे कॅमशाफ्टचा धक्का व्हॉल्वपर्यंत नेणारे भाग. त्या काळच्या इंजिनांत क्रँक आणि बेअरिंग यांच्यातली फट आजच्या गाड्यांपेक्षा मोकळी ठेवत, आणि इतकी वर्षं चालून ती आणखी वाढलेली असते. ती फट भरून दाब टिकवायचा तर तेलाला अंग हवं. म्हणून तुमच्या गाडीला माझं उत्तर २०डब्ल्यू-५०, साधं मिनरल.

आकडे जरा समजून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी काउंटरवर कुणी गोंधळात टाकणार नाही. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतल्या स्टार्टिंगचा. २०डब्ल्यू तेलाची चाचणी उणे पंधरा अंशाला होते. आपल्याकडे जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत पहाटे कितीही गारठा वाटला तरी तिथवर जायचा प्रश्नच नाही. त्यामुळे ५डब्ल्यू, ०डब्ल्यू यांसाठी जास्तीचे पैसे मोजून सोलापुरात जुन्या गाडीला काहीही मिळत नाही. मागचा आकडा गरम तेलाचा. १०० अंशाला ३० नंबरच्या तेलाचा दाटपणा ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्स असतो, ४० नंबरचा १२.५ ते १६.३ आणि ५० नंबरचा १६.३ ते २१.९. मे महिन्यात पारा ४२-४३ वर असताना मोहोळपर्यंत जाऊन या आणि सात रस्त्याच्या सिग्नलला गाडी उभी करा. इंजिनमधलं तेल त्या वेळी सर्वांत पातळ आणि पंप सर्वांत हळू फिरत असतो. ३० नंबरचं तेल घातलेल्या जुन्या इंजिनात ऑइलचा लाल दिवा लुकलुकायला लागतो तो तिथेच.

आणि तो दिवा फार उशिरा बोलतो. तो विझलेला आहे म्हणजे दाब भरपूर आहे असं समजू नका. दाब अगदी तळाला गेला की मगच तो पेटतो. माझं ऐका, एक साधं मेकॅनिकल ऑइल प्रेशर गेज बसवून घ्या. गाडी तापल्यावर आयडलिंगला काटा किती, ऐंशीच्या वेगाला किती, वहीत लिहून ठेवा. पुढे काही बिघडत असेल तर हा आकडा सगळ्यांच्या आधी सांगेल. ५० नंबरचं तेल घालूनही काटा खालीच राहत असेल, तर आणखी दाट तेल शोधू नका. बेअरिंग किंवा ऑइल पंप बघायची वेळ आलेली असते, आणि दाट तेल ती वेळ फक्त लपवतं.

आता जस्ताची गोष्ट, कारण ती डब्यावर ठळक लिहिलेली नसते. सपाट टॅपेट कॅमवर घसरतो. रोलर नसतो, त्यामुळे धातूवर धातू जबरदस्त दाबाने घासतो. तिथे तेलाचा पापुद्रा तुटतो आणि जस्त-फॉस्फरसचं एक रसायन, ज्याला झेडडीडीपी म्हणतात, तेवढंच दोघांच्या मध्ये उभं राहतं. नव्या गाड्यांना सायलेन्सरच्या वाटेवर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो आणि फॉस्फरस तो खराब करतो. म्हणून नव्या मानकांनी फॉस्फरस कमी केला. डब्यावर लिहिलेल्या एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) एसएम, एसएन, एसपी या दर्जांत ३० नंबरच्या आणि त्याहून पातळ तेलांना वरची मर्यादा ०.०८ टक्के आहे. ही मर्यादा २०डब्ल्यू-५० ला लागू होत नाही, पण म्हणून प्रत्येक कंपनी त्यात भरपूर घालतेच असंही नाही. तेव्हा त्या तेलाची माहितीपत्रिका कंपनीच्या साइटवरून काढून वाचा. फॉस्फरस ०.१ टक्क्याच्या आसपास दिसला की समाधान माना.

माहितीपत्रिका मिळत नसेल तर एक सोपा रस्ता आहे. बुलेटसारख्या मोटरसायकलींसाठी जे २०डब्ल्यू-५० मिळतं, त्यावर जासो एमए किंवा एमए२ हे मोटरसायकल तेलाचं जपानी मानक लिहिलेलं असतं. त्या मानकात फॉस्फरस ०.०८ ते ०.१२ टक्के ठेवावाच लागतो. आपल्या सपाट टॅपेटला ते व्यवस्थित चालतं आणि नव्या पेठेत कुठल्याही चांगल्या स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतं. वरून ओतायच्या झिंकच्या बाटल्या मात्र घेऊ नका. तेल तयार करताना त्यातल्या सगळ्या रसायनांचा तोल साधलेला असतो. जस्त प्रमाणाबाहेर गेलं तर तेच धातू खायला लागतं.

ट्रकचं ऑइल सांगणारा दुकानदार पूर्ण चुकलेला नाही. सीआय-४ प्लस या डिझेल दर्जाच्या १५डब्ल्यू-४० मध्ये जस्त चांगलं असतं, आणि नुकतं बोअर करून घट्ट बांधलेल्या इंजिनात मी ते बिनदिक्कत घालू देतो. पण त्यात मळ सोडवणारी रसायनं जोरकस असतात. तुमच्या गाडीत आजोबांच्या काळापासून काय काय तेल पडलंय ते कुणाला माहीत नाही. चेंबरच्या, म्हणजे इंजिनखालच्या तेलाच्या टाकीच्या, तळाशी काळा चिखल बसलेला असणार. तो एकदम सुटला की थेट पंपाच्या जाळीवर जाऊन बसतो आणि तेल वर चढायचं थांबतं. याच कारणाने फ्लशिंग ऑइलही अशा गाडीत नको.

म्हणून पहिला ऑइल बदल नुसता ड्रेन बोल्ट काढून करू नका. चेंबर उतरवा. आतला गाळ खरवडून, रॉकेलने धुवून, कोरडा पुसून घ्या, जाळी साफ करा, पॅकिंग नवीन टाका, फिल्टर बदला. तेल भरल्यावर प्लग काढून स्टार्टर थोडा थोडा मारा, दिवा विझेपर्यंत. मग प्लग लावून इंजिन चालू करा. हे तेल पाचशे किलोमीटरला काढून टाका, स्वच्छ दिसत असलं तरी. त्यानंतर दर तीन हजार किलोमीटरला किंवा वर्षातून एकदा, यातलं जे आधी येईल ते. गाडी उभी असली तरी तेलात ओल आणि आम्ल साचत राहतं, त्यामुळे "गाडी फिरलीच नाही" हे कारण धरू नका. आणि आठवड्याला गेटपर्यंत नेऊन परत लावण्यापेक्षा पंधरा दिवसांतून एकदा पंचवीस-तीस किलोमीटर नीट तापवून आणा, म्हणजे तेलातली वाफ उडून जाईल.

सिंथेटिक वाईट आहे का? नाही. पण तुमच्या पैशाचा तिथे उपयोग नाही. ते नव्या सीलला त्रास देत नाही, पण जुन्या वाळलेल्या सीलला गेलेल्या भेगा ते हमखास शोधून काढतं. त्याचा मोठा फायदा म्हणजे जास्त किलोमीटर टिकणं, आणि आपण तर तेल लवकरच काढणार आहोत. त्याच पैशात दोनदा मिनरल बदला.

दर आठवड्याला ऑइलची पट्टी काढून वासही घ्या. काळं झालं म्हणून घाबरू नका, मळ उचलणारं तेल काळंच होतं. दुधाच्या कॉफीसारखा रंग दिसला तर पाणी मिसळतंय, गास्केट बघा. आणि पातळी आपोआप वाढलेली दिसली, पेट्रोलचा वास आला, तर गाडी चालू करू नका. मेकॅनिकल पेट्रोल पंपाचा पडदा फाटला की पेट्रोल थेट चेंबरमध्ये उतरतं. अशा तेलावर चाललेलं इंजिन बेअरिंग घालवून बसतं.

गिअर बॉक्सकडे वळू. इथे सर्वांत जास्त गाड्या नासतात, आणि त्याही चांगल्या हेतूने. गिअर ऑइलचे जीएल-४ आणि जीएल-५ असे दर्जे असतात. दुकानदार म्हणतो जीएल-५ हे जीएल-४ पेक्षा वरचं, म्हणून तेच घ्या. आकडा वरचा असला तरी काम वेगळं आहे. जीएल-५ मध्ये गंधक आणि फॉस्फरसची ईपी, म्हणजे जबर दाब सोसणारी, रसायनं खूप असतात. मागच्या ॲक्सलमधल्या क्राऊन-पिनियनच्या पोलादी दातांना त्यांची गरज असते. पण गिअर बॉक्समधल्या सिंक्रो रिंगा, म्हणजे गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या कड्या, पितळी मिश्रधातूच्या. गंधक तापलं की पितळेला खातं. शिवाय सिंक्रो रिंगेला गिअर पकडायला थोडं घर्षण लागतं, ते या तेलात कमी पडतं. दुसरा गिअर टाकताना कर्र आवाज येतो तो बऱ्याचदा यामुळेच. तेव्हा गिअर बॉक्समध्ये एसएई ९० किंवा ८०डब्ल्यू-९०, दर्जा जीएल-४. मागच्या हाऊसिंगमध्ये हायपॉइड क्राऊन-पिनियन आहे, तिथे ९० नंबरच पण दर्जा जीएल-५. दोन्ही डबे वेगळे आणा, त्यावर खडूने मोठं लिहा, आणि मेकॅनिकच्या शेजारी उभं राहून ओतून घ्या.

अँबॅसडरवाल्या मित्रांसाठी एक गोष्ट इथेच सांगतो. तुमची गाडी मॉरिस ऑक्सफर्डच्या घराण्यातली, आणि त्या घराण्यातल्या कित्येक गिअर बॉक्सना इंजिनचंच तेल सांगितलेलं असे. आपल्या मॉडेलच्या पुस्तकात काय आहे ते बघूनच भरा. ९० नंबर ऐकून ते फार दाट असेल असं वाटतं, पण गिअर ऑइलची मोजपट्टीच वेगळी आहे. ९० नंबरचं गिअर ऑइल आणि ४०-५० नंबरचं इंजिन ऑइल गरम झाल्यावर दाटपणाला जवळपास सारखंच असतं. जुन्या अँबॅसडरला एसयू कार्ब्युरेटर असेल तर त्याच्या डॅशपॉटमध्ये (वरच्या उभ्या नळकांड्यात) २० नंबरचं पातळ तेल थोडंसं लागतं. ते कोरडं असेल तर ॲक्सिलरेटर दाबताच गाडी अडखळते आणि लोक उगाच प्लग बदलत बसतात.

पद्मिनीच्या स्टिअरिंग बॉक्सलाही ९० नंबरचंच तेल. गळतो म्हणून त्यात ग्रीस ठासायची पद्धत गावोगाव आहे. कृपया करू देऊ नका. ग्रीस बाजूला सरकून बसतं, परत दातांवर येत नाही, आणि वर्म, म्हणजे आतला स्क्रूसारखा गिअर, कोरडा घासत राहतो. सील बदलायला पाऊण दिवस जातो, तो जाऊ द्या.

ब्रेक ऑइलसाठी डॉट ३ किंवा डॉट ४, हा दर्जा डब्यावर लिहिलेला असतो. माझं मत डॉट ४, कारण कोरडं असताना ते किमान २३० अंशाला उकळतं आणि ओल शोषल्यावर १५५ ला. डॉट ३ चे हेच आकडे २०५ आणि १४०. तुळजापूरचा घाट भरल्या गाडीने उतरताना पुन्हा पुन्हा ब्रेक दाबला की ड्रम तापतात, तेलातल्या पाण्याची वाफ होते आणि पाय थेट तळाला जातो. आपल्याकडे पाऊस कमी असला तरी ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढतंच, त्यामुळे दर दोन वर्षांनी पूर्ण बदला. सील उघडलेला अर्धा डबा वर्षभर ठेवून परत वापरू नका. डॉट ५ हे सिलिकॉनचं, नावात पुढचा आकडा असला तरी ते या दोघांत मिसळायचं नाही.

याहून महत्त्वाचं म्हणजे त्या टाकीत इंजिन ऑइल, हायड्रॉलिक ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचं तेल एक थेंबही जाता कामा नये. ब्रेकमधली रबरं ग्लायकॉलच्या ब्रेक ऑइलसाठी बनवलेली असतात. मिनरल तेल लागलं की ती फुगतात, आणि मग मास्टर सिलिंडरपासून चारही चाकांपर्यंत सगळं बदलावं लागतं. इतकी वर्षं उभ्या असलेल्या तुमच्या गाडीत तर मी तेल भरण्याआधी मास्टर सिलिंडर आणि चारही व्हील सिलिंडर उघडून नवीन किट घालीन, रबरी होज पाइप बदलीन, आणि हवा काढताना सर्वांत लांबच्या चाकापासून, म्हणजे मागच्या डाव्यापासून सुरू करीन. काम करताना तेल बॉडीवर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, ते रंग उचलतं.

पाण्याचं काय? सोलापुरात बोअरचं पाणी किती जड आहे ते तुमच्या घरच्या नळाच्या तोट्या बघूनच कळेल. तेच पाणी रेडिएटरमध्ये जातं, आटतं, परत भरलं जातं, आणि दर वेळी थोडा क्षार आत बसतो. पितळेच्या बारीक नळ्या अशाच बुजतात आणि मे महिन्यात काटा लाल खुणेकडे जातो. तुमच्या इंजिनात आणखी एक अडचण आहे. हेड ॲल्युमिनियमचं, ब्लॉक बिडाचा आणि रेडिएटर तांब्या-पितळेचा. तीन धातू आणि क्षाराचं पाणी एकत्र आले की सर्वांत आधी ॲल्युमिनियम खाल्लं जातं, आणि हेडच्या पाण्याच्या भोकांशी खड्डे पडतात.

म्हणून कूलंट हवंच. बर्फ पडत नाही म्हणून नको, हे म्हणणं चुकीचं आहे. आपल्याला ते गंजासाठी आणि उकळीसाठी हवं असतं. हिरव्या रंगाचं जुन्या पद्धतीचं, सिलिकेट असलेलं इथिलीन ग्लायकॉल कूलंट घ्या. पण रंगावर भरवसा ठेवू नका, लेबल वाचा. नारिंगी-लाल दीर्घायुषी कूलंट ॲल्युमिनियमच्या नव्या रेडिएटरसाठी बनवलंय, झाळ मारलेल्या पितळेच्या रेडिएटरला मी ते देत नाही. एक भाग कूलंटला दोन भाग डिस्टिल्ड वॉटर पुरतं. ग्लायकॉल पाण्यापेक्षा उष्णता कमी वाहून नेतं, त्यामुळे जास्त घालून गाडी जास्त थंड राहत नाही. दोन वर्षांनी बदला. रेडिएटरचं झाकणही तपासा, त्याच्या दाबामुळेच उकळी लांबते. दर एक पीएसआयमागे साधारण दीड अंश.

आणि थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व, काढून टाकू नका. "आपल्याकडे ऊन जास्त, तो कशाला" म्हणत तो फेकलेल्या कितीतरी गाड्या माझ्याकडे येतात. इंजिन नीट तापत नाही, पेट्रोल पूर्ण जळत नाही, ते सिलिंडरच्या भिंतीवरून तेलात उतरतं, आणि आपण एवढं निवडून घातलेलं २०डब्ल्यू-५० पातळ होऊन बसतं.

ग्रीसचं थोडक्यात. चेसिसच्या निपलना लिथियमचं, एनएलजीआय २ नंबरचं (हा ग्रीसच्या दाटपणाचा आकडा) ग्रीस, दर दीड हजार किलोमीटरला. आपल्या काळ्या मातीची धूळ निपलवर बसलेली असते, ती आधी फडक्याने पुसा, नाहीतर गन तीच आत ढकलते. जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत गन मारा. व्हील बेअरिंगला जुनं पूर्ण धुवून मगच नवं भरा, कारण वेगवेगळ्या साबणांची ग्रीसं मिसळली की पातळ होऊन वाहतात आणि ड्रममध्ये उतरतात. डिस्ट्रिब्युटरच्या रोटरखाली फेल्टवर तेलाचे दोन थेंब पुरेत, जास्त झालं तर पॉइंट खराब होतात.

पेट्रोल हेही शेवटी गाडीतलं एक द्रव्यच. आपला जिल्हा साखर कारखान्यांचा, इथेनॉल इथेच तयार होतं, आणि आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. तुमच्या गाडीची रबरी पाइपलाइन आणि पंपाचा पडदा यासाठी बनलेले नाहीत. पाइप इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घाला, पंपाचं नवं किट टाका, आणि महिनाभर गाडी उभी राहणार असेल तर टाकी जवळपास भरून ठेवा, म्हणजे आत ओल धरायला जागा उरणार नाही. शिशाचं पेट्रोल देशात २००० साली बंद झालं. जुन्या व्हॉल्व सीटना शिशाचा आधार होता, तो टू-टी (टू-स्ट्रोक गाड्यांचं) ऑइल मिसळून परत येत नाही. हेड कधी उघडलं तर कडक सीट बसवून घ्या.

डबे पेट्रोल पंपावरून किंवा कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडून, सील बघून घ्या. सर्वो, मॅक, एचपी, कुठलंही चालेल, पण सुटं ऑइल नको. काढलेलं जळकं ऑइल गटारात किंवा शेतात ओतू नका. कायद्याने तो घातक कचरा आहे. परवानाधारक रिसायकलवाल्याकडे जाईल अशी व्यवस्था असलेल्या गॅरेजला द्या.

पुण्याआधी दोन फेऱ्या करा. पहिली होटगी रोडला, पाना आणि फडकं बरोबर घेऊन. परत आल्यावर गाडीखाली रात्रभर पुठ्ठा ठेवा आणि सकाळी डाग कुठे पडलेत ते बघा. पुढे काळा असेल तर इंजिन, मध्ये पिवळट आणि गंधकाचा वास असेल तर गिअर बॉक्स, चाकाच्या आतल्या बाजूला बिनरंगी असेल तर ब्रेक. ब्रेकचा डाग असेल तर काम होईपर्यंत गाडी हलवायची नाही. दुसरी फेरी पंढरपूरची. ती स्वच्छ गेली की पहाटे पाचला पुण्याकडे निघा, ऐंशीच्या वर नेऊ नका, टेंभुर्णीला थांबून चहा घेईपर्यंत इंजिन निवू द्या. मग ऑइलची पट्टी बघा आणि चारही ड्रमला हात लावा. एक ड्रम बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेला लागला तर ब्रेक अडकतोय. तिथेच जॅक लावून ते चाक मोकळं फिरतं का बघा, आणि फिरत नसेल तर ब्रेक सैल करून घेतल्याशिवाय इंदापूरकडे निघू नका.